खोलीतला मेंदू आणि घरातला मेंदू

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात एका ईईजी तंत्रज्ञ भगिनीनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)



संयोजकांनी मला ‘मेंदूचं विज्ञान’ असा भलामोठा विषय दिला आहे. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. मी ईईजी काढते. म्हणजे रुग्ण आला की टेपनं त्याचं डोकं मोजायचं, ठरलेल्या एकवीस जागी पेन्सिलीनं खुणा करायच्या, तिथली त्वचा घासून पेस्ट लावायची, छोट्या चकत्या चिकटवायच्या आणि मग सांगायचं, “डोळे मिटा. जबडा सैल सोडा. अजिबात हलू नका.” दिवा मंद करायचा, दार लावायचं. पुढची अर्धा तास पडद्यावर रेषा सरकत राहतात. त्या रेषा म्हणजे मेंदूतली वीज. गेली सतरा वर्षं मी हेच करते आहे.

आज मी त्या खोलीबद्दल कमी आणि खोलीच्या दाराबाहेरच्या मेंदूबद्दल जास्त बोलणार आहे. कारण मेंदू आयुष्यातली अर्धा तास फक्त माझ्याकडे असतो. बाकी सगळा वेळ तो घरात, कारखान्यात, वर्गात, रिक्षात, स्वयंपाकघरात असतो.

काही वर्षांपूर्वी मालेगावहून एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा एकोणीस वर्षांचा, लूमवर रातपाळीला. वर्षभरात तीन वेळा तो जमिनीवर कोसळला होता, तोंडाला फेस, हातपाय ताठ. आधी एका ठिकाणी ईईजी काढला होता, तो नॉर्मल. मी काढला, तोही नॉर्मल. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “बेटी, मशीन बोलती कुछ नहीं है, तो मेरा बच्चा गिरता कायको है?”

या प्रश्नाला एक उत्तर घरात तयारच होतं. शेजारणी म्हणाल्या होत्या, असर आहे, कुणाचं तरी साया पडलंय. मशीन नॉर्मल म्हणाली की त्या उत्तराला जोर चढतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ‘डॉक्टरांकडे पण काही निघालं नाही’ हे वाक्य आमिलच्या दारात फार कामाला येतं.

तपासण्या करणाऱ्यांनी आईला एक गोष्ट सांगितली नव्हती. मिर्गी असलेल्या माणसाचा पहिला ईईजी नॉर्मल येणं हे अजिबात नवल नाही. साधारण निम्म्या रुग्णांच्या बाबतीत तसंच होतं. मेंदूतला तो विजेचा गोंधळ चोवीस तास चालू नसतो. माझ्या खोलीत मुलगा झोप पुरी करून, नाश्ता करून, शांत पडून होता. मागांचा खडखडाट नव्हता, रात्रीचं जागरण नव्हतं. खोलीत आलेला मेंदू वेगळा होता आणि लूमवर उभा राहणारा वेगळा होता.

आमच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, “सकाळी उठल्यावर याच्या हातातून वस्तू उडतात का?” आई हसली. म्हणाली, रमजानमध्ये सहेरीला बसला की कप हातातून उडतो, चहा सांडतो, आम्ही त्याला बेसबुरा म्हणून रागावतो. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा झालं तर मोबाईलवर काढून आणा. पंधरा दिवसांनी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. दस्तरखान, खजूर, आणि खांद्यापासून झटका बसून हातातून उडालेला कप. पुन्हा एक, पुन्हा एक. मग त्याला रात्रभर जागवून आम्ही सकाळी ईईजी काढला आणि तेव्हा पडद्यावर जे दिसायचं ते दिसलं. पौगंडावस्थेत सुरू होणारा मिर्गीचा हा एक प्रकार आहे. सकाळचे झटके ही त्याची खूण, आणि झोपमोड हे त्याचं खतपाणी. औषधानं तो बहुतेकांच्या बाबतीत छान आटोक्यात राहतो.

यंत्रानं जे दोनदा चुकवलं ते एका आईच्या फोननं पकडलं. ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले: मेंदूला खोलीबाहेर, तो जिथे जगतो तिथे कोण अभ्यासतं आणि कसं.

पण मेंदूला खोलीत कोंडलं कशासाठी, हे आधी समजून घेऊ. त्याला कारण आहे. १९२४ साली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली. पाच वर्षं त्यानं ती स्वतःशीच ठेवली, १९२९ साली प्रसिद्ध केली. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही त्यानं प्रयोग केले होते. ही वीज किती? घड्याळातला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. कवटीवर मिळणारी मेंदूची वीज त्याच्या तीस हजाराव्या हिश्श्याइतकी, पन्नास मायक्रोव्होल्टच्या आसपास. तुम्ही डोळे मिचकावलेत तर त्याची वीज यापेक्षा मोठी. दात आवळलेत तर पडद्यावर नुसता काळा पट्टा. म्हणून ‘हलू नका’. एमआरआयमध्ये तर नळीत आडवं पडून राहायचं. तेव्हा गेली शंभर वर्षं आपल्याला जो मेंदू माहीत झाला तो बहुतेक करून गप्प पडून राहिलेल्या माणसाचा.

आणि कुठल्या माणसाचा? २०१० साली हेन्रिक, हाइन आणि नोरेनझायन या तीन अभ्यासकांनी मानसशास्त्राच्या संशोधनाचा हिशेब मांडला. अभ्यासात घेतलेल्यांपैकी ९६ टक्के माणसं अशा देशांतली होती जिथे जगाची १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यातही फार मोठा भाग विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांचा, कारण ती प्राध्यापकांच्या हाताशी असतात. मग पुस्तकात छापलं जातं, ‘माणसाचं लक्ष असं चालतं’, ‘माणसाची स्मृती अशी चालते’. त्या ‘माणसा’त मालेगावचा लूमवाला नाही, मिरजेची शिलाई करणारी खाला नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातलं कुणीही नाही.

हे बदलायला सुरुवात झाली आहे.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं उदाहरण काहींनी ऐकलं असेल. तिथे काळी टॅक्सी चालवायचं लायसन्स हवं असेल तर शहराच्या मध्याभोवतालचे सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी आहे. लोक म्हणाले, मुळातच मोठी असेल, म्हणून ते टॅक्सीवाले झाले. तेव्हा त्यांनी ७९ शिकाऊ चालक सुरुवातीपासून धरले. ३९ पास झाले, आणि फरक त्या पास झालेल्यांच्याच मेंदूत दिसला. स्कॅन यंत्रातच झाला, पण मेंदू घडवला रस्त्यानं. मला यातलं आवडतं ते हे की विज्ञानानं इथे प्रोफेसर किंवा बुद्धिबळपटू नाही निवडला, ड्रायव्हर निवडला.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कमधल्या एका हायस्कूलचं, २०१७ साली प्रसिद्ध झालेलं. सुझान डिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा विद्यार्थ्यांना हलकी, बिनपेस्टची ईईजीची हेडसेट घातली आणि जीवशास्त्राचे तास नेहमीसारखे चालू दिले. एका सत्रात असे अकरा तास नोंदवले. त्यांना बघायचं होतं की एकाच वर्गात बसलेल्यांच्या मेंदूतल्या लहरी एकमेकांशी किती जुळतात. वर्गात मन रमलेलं असेल तर जुळणी जास्त. व्हिडिओ आणि गटचर्चा चालू असताना जास्त. शिक्षक नुसतं वाचून दाखवत असतील किंवा व्याख्यान देत असतील तर कमी. (हसू नका, मला कळतंय मी आत्ता काय करते आहे.) सगळ्यात मजेची गोष्ट अशी की तास सुरू होण्याआधी ज्या दोघांना समोरासमोर बसून दोन मिनिटं एकमेकांकडे बघायला सांगितलं, त्या दोघांच्या लहरी नंतरच्या तासात जास्त जुळल्या.

विद्यार्थी बाराच होते आणि शाळा एकच, हे विसरायचं नाही. उद्या कुणी तुम्हाला ‘मेंदू जुळवणारा हेडसेट’ विकायला आलं तर हा आकडा त्याच्या तोंडावर फेका. पण प्रश्न विचारायची पद्धत नवी आहे. एकट्या मेंदूचा अभ्यास नाही, सोबत बसलेल्या मेंदूंचा अभ्यास.

आता आफ्रिकेत जाऊ, कारण मला सगळ्यात जवळचं वाटलेलं काम तिथलं आहे. गांबिया हा पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश. जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान. तिथे केनेबा नावाचं खेडं आहे, तिथे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचं केंद्र कित्येक दशकं पोषणाचा अभ्यास करतं आहे. कुपोषणाचा मुलाच्या उंची-वजनावर काय परिणाम होतो ते तिथे मोजलं जात होतं. पण मेंदूवर? तान्ह्या बाळाला एमआरआयच्या नळीत जागेपणी निजवणार कसं, आणि खेड्यात ती नळी आणणार कुठून? लंडनच्या क्लेअर एल्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग प्रकाश वापरला. बाळाच्या डोक्यावर मऊ पट्टी, त्यातून निरुपद्रवी अवरक्त प्रकाश आत जातो आणि थोडा परत येतो. मेंदूचा जो भाग कामात असतो तिथे रक्तातला प्राणवायू बदलतो, म्हणून परतणारा प्रकाशही बदलतो. अंगठीवजा यंत्र बोटाला लावून ऑक्सिजन मोजतात ना, कोरोनात घरोघरी होतं, त्याचंच भावंड समजा. यंत्र खेड्यात नेता येतं. बाळ आईच्या मांडीवर बसतं, हलतं, खेळणं चोखतं आणि मोजणी चालू राहते. २०१२ च्या सुमारास हे सुरू झालं. पुढे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत गांबियातली आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजची बाळं एकाच पद्धतीनं अभ्यासली गेली.

बाळांना आवाज ऐकवायचा होता, तर गांबियातल्या बाळांना इंग्रजी वाक्य ऐकवून चालणार नव्हतं. तिथे मंडिंका भाषेतलं वाक्य वापरलं. तुम्हाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. मी रोज बघते की स्मरणशक्तीच्या चाचणीतले शब्द शुद्ध मराठीत असतात. घरी दखनी बोलणाऱ्या, उर्दू शाळेत शिकलेल्या दादीजानला ‘सफरचंद, मेज, नाणं’ लक्षात ठेवायला सांगतात आणि तिला पाचपैकी दोन गुण मिळतात. मग कागदावर लिहिलं जातं, स्मृती कमी. ‘सेब, मेज, सिक्का’ म्हणून पाहिलं असतं तर? दादीजान त्या खोलीत विसराळू ठरते आणि घरी गेल्यावर सात नातवंडांचे वाढदिवस चांदच्या तारखेनं सांगते.

आपल्या देशातलं एक उदाहरण तमिळनाडूतलं आहे. आनंदी मणी, सेंदिल मुल्लाइनाथन, एल्डार शाफिर आणि जियाइंग झाओ यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. ५४ गावांतले ४६४ ऊस शेतकरी. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. तोडणीच्या आधी शेतकरी कर्जात, डाग-दागिने गहाण. तोडणीनंतर पैसे हातात. त्यांनी त्याच माणसाची बुद्धीची चाचणी दोन्ही वेळा घेतली. माणूस तोच, डोकं तेच. तोडणीआधी गुण लक्षणीय कमी, नंतर जास्त. आहार, कामाचा थकवा, चाचणीची सवय हे सगळं तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवून बसते आणि दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही. यावर पुढे वाद झाले, त्यांच्या गणितावर आक्षेप आले, आणि ते यायलाच हवेत. इथे डोक्याला तार लावलेली नव्हती, कागदावरच्या आकृत्या होत्या. पण जी गोष्ट कोल्हापूर-सोलापूरच्या ऊसवाल्याला आणि भिवंडीच्या उचल घेतलेल्या मजुराला कुणी शिकवायची गरज नाही, ती पहिल्यांदा मोजून मांडली गेली. ‘गरीब आहे कारण अक्कल नाही’ असं म्हणणाऱ्याला उलटं विचारता येतं: अक्कल गहाण पडली आहे का, ते आधी बघा.

तमिळनाडूतच तारा त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्टेबल हेडसेट घेऊन खेड्यांपासून शहरांपर्यंत शेकडो माणसांचे ईईजी घेतले. बर्गरला सगळ्यात आधी दिसलेली आणि आम्ही जिला निरोगी मेंदूची ओळख म्हणून बघतो ती अल्फा लहर, तिची ताकद माणसाच्या शिक्षण-प्रवास-साधनांच्या परिस्थितीप्रमाणे बदलते असं त्यांना दिसलं. याचा अर्थ काय लावायचा ते अजून ठरायचं आहे. मला इतकंच वाटलं की ‘नॉर्मल’ हा शब्द मी रोज रिपोर्टच्या कोपऱ्यात वाचते, तो कुणाच्या डोक्यावरून ठरला हे विचारायला मी सतरा वर्षं लावली.

आता मुलींसाठी दोन शब्द, मुलांनीही ऐकावेत. विज्ञानात आपण नसतो याचं एक कारण फार साधं असतं: केस. चकतीला त्वचा लागते. तेल लावलेलं असेल तर पेस्ट धरत नाही, म्हणून आम्ही केस धुऊन यायला सांगतो. दाट, कुरळ्या केसांवर नेहमीची टोपी बसत नाही, त्यामुळे अमेरिकेत काळ्या लोकांना अशा अभ्यासांतून सरळ वगळलं जायचं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या आर्नेल एटियेन या विद्यार्थिनीनं वेण्यांच्या फटीत बसणारी क्लिपवजा चकती तयार केली. तिच्या स्वतःच्या केसांची अडचण होती म्हणून तिला ते सुचलं. आपल्याकडे अडचण हिजाबची सांगतात. ती अडचण नसतेच. दार लागणारी खोली आणि हात लावणारी बाई असली की झालं. माझ्या खोलीत बुरखा घालून आलेली एकही बाई डोकं उघडायला नाही म्हणालेली नाही. पण खोलीत मी नसते आणि दार उघडं असतं, तेव्हा त्या परत जातात. मग कुणीतरी म्हणतं, ‘यांच्या बायका तपासणीला तयार होत नाहीत.’

इथपर्यंत मी म्हणत होते की आपल्यालाही मोजा. आता याची दुसरी बाजू सांगते, आणि ती सांगताना मला जास्त सावध राहावंसं वाटतं.

इब्न सीनांची एक गोष्ट निझामी अरूझी यांच्या ‘चहार मकाला’ या बाराव्या शतकातल्या फारसी ग्रंथात आहे. गुर्गानमध्ये एक तरुण खंगत चालला होता, आजार कुणाला कळेना. इब्न सीनांनी त्याची नाडी धरली आणि शहर माहीत असलेल्या माणसाला एकेक मोहल्ल्याचं नाव घ्यायला सांगितलं. एका मोहल्ल्याच्या नावावर नाडी दचकली. मग गल्ल्या, मग घरं, मग घरातल्या माणसांची नावं. निदान झालं: मुलगा प्रेमात आहे. गोष्ट किती खरी, किती सजवलेली माहीत नाही, पण नाडीवरून प्रेम ओळखायची ही रीत इब्न सीनांनी आपल्या ‘कानून’मध्येही लिहिलेली आहे. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो. मीही सांगायचे. नंतर लक्षात आलं की त्या मुलानं ते नाव सांगायचं नव्हतं. हकीम बरा होता, लग्न लावून देणारा होता, म्हणून गोष्ट गोड झाली. नाडी धरणारा हकीम नसून कोतवाल असता तर?

ही कल्पना नाही. आपल्याच राज्यात घडलेली गोष्ट आहे. ब्रेन मॅपिंग म्हणून एक तपासणी तपासयंत्रणा वापरत. डोक्यावर टोपी, आरोपीनं गप्प बसायचं, त्याच्यासमोर वाक्यं वाचायची, ‘मी अमुक विकत घेतलं’, ‘मी तमुक केलं’. लहरींवरून यंत्र सांगणार की हा प्रसंग याच्या अनुभवातला आहे की नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं खुनाच्या एका खटल्यात शिक्षा देताना अशा तपासणीचा आधार घेतला. जगभरातले मेंदूशास्त्रज्ञ चकित झाले. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं या तपासणीला शास्त्रीय आधार नाही असं मत दिलं होतं. मी रोज लहरी बघते. डोळा मिचकावला की नाही हे त्यावरून सांगेन, झोप लागली का हे सांगेन. ‘यानं केलं’ हे त्यात कुठे लिहिलेलं असतं ते मला अजून दिसलेलं नाही.

बॉम्बस्फोटांच्या तपासातही नार्को आणि ब्रेन मॅपिंग हे शब्द त्या वर्षांत पेपरात रोज असायचे. ती नावं कुणाच्या घरची होती ते तुम्हाला सांगायला नको. २००६ च्या मालेगाव स्फोटांतल्या मुस्लिम आरोपींना विशेष न्यायालयानं २०१६ साली आरोपमुक्त केलं, मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत. म्हणून सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा निकाल तुम्ही लक्षात ठेवा. ५ मे २०१०, सर्वोच्च न्यायालय. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची तपासणी कुणावरही त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. घटनेचं कलम २० (३), स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, आणि कलम २१. मर्जीनं करायची असेल तरी वकील मिळाला पाहिजे आणि संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवली पाहिजे. पोलिस ठाण्यात ‘सही कर, निर्दोष असशील तर भितोस कशाला’ म्हणणं ही संमती नाही.

आणि आता टोपी पोलिस ठाण्यातून शाळेत आली आहे. २०१९ साली चीनमधल्या जिन्हुआच्या प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर पट्ट्या बांधल्या होत्या. मुलाचं लक्ष आहे की नाही त्याप्रमाणे दिव्याचा रंग बदलायचा आणि माहिती शिक्षकांना, पालकांना जायची. लोक चिडले, तेव्हा ते थांबवलं. न्यूयॉर्कच्या वर्गातलंही यंत्र जवळपास असंच होतं, हे ध्यानात घ्या. एका ठिकाणी मुलांनी आपल्या मर्जीनं घातलं आणि माहिती अभ्यासाला गेली. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या कपाळावरचा दिवा त्याची चुगली करत होता.

चिलीनं २०२१ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका हेडसेट कंपनीला ग्राहकाची मेंदूची नोंद पुसून टाकायला लावली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहे, त्यात मेंदूची नोंद आणि तुमचा मोबाईल नंबर यात वेगळेपणा केलेला नाही. कायदा शिकणाऱ्यांनी यावर काम करावं असं मला फार वाटतं. तोवर कुणी कॉलेजात, जिममध्ये, नोकरीच्या ठिकाणी डोक्याला पट्टी लावायला आलं तर विचारा: ही नोंद कुठे ठेवणार, कोण बघणार, आणि मी नाही म्हटलं तर माझं काय बिघडणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा अडखळला तर पट्टी लावू नका.

बारावी सायन्स करून ‘आता काय’ म्हणणारे इथे बरेच आहेत. ईईजी तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम निम्हान्ससारख्या संस्थांत आहेत. मुलींची तर या खोल्यांत फार गरज आहे.

शेवटी फोनचं. घरात, मोहल्ल्यात कुणाला फिट आली तर एकानं व्हिडिओ काढावा, पण आधी माणूस. आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काही मऊ द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. नाकाला कांदा किंवा चप्पल नाही. दाबून धरायचं नाही. घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर थेट दवाखाना. व्हिडिओत चेहरा आणि पूर्ण अंग दिसू द्या, डोळे उघडे आहेत की मिटलेले ते दिसू द्या, आणि तो फक्त डॉक्टरांना दाखवा. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात तर त्या मुलीचं स्थळ तुम्ही मोडलंत असं समजा.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. औषध सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रात्रीची झोप मोडायची नाही. सेठला रातपाळी बदलून मागितली, त्यानं दोन महिने टाळाटाळ केली, मग आई स्वतः जाऊन कारखान्यात बसली. रोज्याचं आईनं मौलानांना विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्याला सवलत आहे, डॉक्टरांचं ऐका. दुआही चालू आहे आणि गोळीही. गेल्या खेपेला तपासणीला आला तेव्हा मी चहा मागवला होता. त्यानं कप घेतला, पिऊन झाला आणि स्वतःच धुऊन ठेवला. आई ते बघत बसली होती.

आता तुमचे प्रश्न.